न उलगडणारे गाठोडे

(बी. ए. द्वितीय वर्ष)

संगणकाशी आपला काही संबंध नाही असे म्हणणारा कला शाखेचा विद्यार्थी आज शोधूनही सापडावयाचा नाही. प्रवेशाचा अर्ज, शिष्यवृत्तीची कागदपत्रे, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सरांनी पाठविलेली टिपणे, भित्तिपत्रकासाठी लागणारे अक्षरवळण, सारे काही उतरवून घ्यावे लागते. त्यातले पुष्कळसे एकेकटे येत नाही. अनेक फाईली एकत्र दाबून बांधलेल्या गाठोड्याच्या रूपाने येते. ह्या गाठोड्याला कोणी झिप म्हणतो, कोणी रार. गाठोडे येते, आपण टिचकी मारतो, आणि पडद्यावर इंग्रजीत एक कोरडे वाक्य उमटते की, फाईल एकतर खराब आहे किंवा अनोळखी जातीची आहे. मग शेजारचा मित्र न पाहताच सांगतो, "पुन्हा उतरव."

ह्या सल्ल्याला माझा विरोध आहे, आणि त्यासाठीच हा लेखनप्रपंच.

ज्यांच्या घरी तारेने इंटरनेट येते त्यांना 'पुन्हा उतरव' म्हणणे सोपे. माझे गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीच्या अंगाला. तेथे पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले तर फोनला नीट रेघा मिळतात, घरात मिळत नाहीत. रोजचा वाटा दीड जीबीचा. तो संपला की दुसऱ्या दिवसापर्यंत हात बांधलेले. अशा वेळी सातशे एमबीची फाईल दोनदा उतरविणे म्हणजे एका दिवसाचा वाटा बुडविणे होय. बरे, बुडवूनही उपयोग होईलच असे नाही. दोष जर फाईलच्या नावात असेल, कुलपात असेल किंवा फोनमधल्या जागेत असेल, तर दहा वेळा उतरविली तरी तीच फाईल दहा वेळा येणार. म्हणून आधी हाती आलेल्या फाईलकडे नीट पाहावे, तिला काय झाले आहे ते तिच्याकडूनच समजून घ्यावे, आणि मगच वाटा खर्च करावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मी संगणकशास्त्राची विद्यार्थिनी नव्हे. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. बाबा दीड एकरात धान घेतात, आई विड्या वळते. जे काही समजले ते विभागातल्या संगणकापुढे बसून, वाचून आणि विचारून समजले. विज्ञान शाखेच्या मित्रांना कोठे उणे दिसले तर त्यांनी अवश्य कान धरावा.

फाईल दाबतात म्हणजे नेमके काय करतात? आमच्या गावच्या भजनी मंडळाच्या वह्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना हे चटकन कळेल. त्या वह्यांत पहिले ध्रुपद पूर्ण लिहिलेले असते. पुढे प्रत्येक कडव्यानंतर ते पुन्हा लिहीत नाहीत, फक्त ॥धृ॥ अशी खूण करतात. गाणारा ती खूण पाहून मागचे ध्रुपद आठवतो आणि पूर्ण म्हणतो. गाणे पूर्ण गाइले जाते, कागद मात्र वाचतो. झिप फाईल हेच करते. एखादा मजकूर आधी येऊन गेला असेल तर तो पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा आणि तेथून इतकी अक्षरे घे' अशी खूण ठेवते. ही युक्ती लेंपेल आणि झिव्ह ह्या दोघा शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडली. तिच्या जोडीला हफमन ह्यांची १९५२ मधील पद्धत वापरतात. तीत वारंवार येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत आणि क्वचित येणाऱ्याला लांब संकेत दिलेला असतो. आपल्या देवनागरीला हे फार मानवते. संगणकाच्या यूटीएफ-८ ह्या आजच्या रूढ लिपिसंकेतात प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात आणि त्यांपैकी पहिला बाइट प्रत्येक वेळी तोच असतो. सारखे सारखे येणारे जितके जास्त, तितके दाबणे सोपे. म्हणून निव्वळ मराठी मजकुराची फाईल दाबली की चांगलीच आटते. उलट छायाचित्रे आणि गाणी त्यांच्या स्वतःच्या रीतीने आधीच दाबलेली असतात. त्यांचे गाठोडे बांधून जागा फारशी वाचत नाही, फक्त नेणे-आणणे सोपे होते.

ध्रुपदाचा हा दृष्टान्त पुढेही उपयोगी पडतो. वहीतला ध्रुपदाचा कागदच फाटला तर पुढच्या साऱ्या ॥धृ॥ खुणा निरर्थक होतात. दाबलेल्या फाईलचेही तसेच. मधला लहानसा तुकडा बिघडला तरी पुढचा मोठा भाग हातचा जातो. साध्या मजकुराच्या फाईलमध्ये चार अक्षरे बिघडली तर चारच बिघडतात. येथे तसे नाही. मात्र झिपमध्ये प्रत्येक फाईल वेगळी दाबून मग एकत्र बांधलेली असते, त्यामुळे एक नासली तरी शेजारची वाचते. सेव्हन-झेड आणि रार ह्या जातींत पुष्कळदा साऱ्या फाईली एकाच लडीत दाबतात. आकार अधिक आटतो खरा, पण लड मध्येच तुटली की तुटल्या जागेपासून पुढचे सगळे गेले. महत्त्वाचा ऐवज पाठविताना मी तरी झिपच पसंत करीन.

झिपचा जनक फिल काट्झ हा अमेरिकन तरुण. १९८९ मध्ये त्याने हे स्वरूप काढले आणि त्याची रचना सर्वांसाठी खुली केली. म्हणूनच आज जगातला कोणताही संगणक झिप उघडू शकतो. स्वतः काट्झ मात्र २००० साली, वयाच्या अवघ्या सदतिसाव्या वर्षी वारला. त्याच्या नावाची आद्याक्षरे, इंग्रजी पी आणि के, प्रत्येक झिप फाईलच्या अगदी सुरुवातीला आजही असतात. ही केवळ आठवण नव्हे. निदानासाठी ती फार कामाची आहे. त्याकडे लवकरच येते.

त्याआधी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार मौजेची वाटली. पुस्तकाची अनुक्रमणिका आपण पुढे शोधतो. झिप फाईलची अनुक्रमणिका शेवटी असते. आत कोणकोणत्या फाईली आहेत, प्रत्येक कोठून सुरू होते, केवढी आहे, ही सारी यादी अखेरच्या पानावर. कारण सरळ आहे. बांधणाऱ्याला कोणती वस्तू दाबून केवढी झाली हे सारे बांधून झाल्यावरच कळते. आई आधी विड्यांचे कट्टे बांधते आणि मग सट्टेदाराकडे आकडा लिहिला जातो, तसेच हे. पण ह्याचा परिणाम असा होतो की, उतरविताना रेघ तुटली आणि शेवटचा भाग आला नाही, तर नेमकी अनुक्रमणिकाच हरवते. उघडणारा आधी शेवटचे पान पाहतो; ते नाही म्हटल्यावर 'ही फाईल मी ओळखत नाही' असे म्हणून मोकळा होतो. प्रत्यक्षात आत बराचसा माल सुखरूप असतो.

हे मी पुस्तकी सांगत नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गातील काही जणांनी झाडीबोलीतील गाणी गोळा केली. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, रोवणीच्या वेळी बांधीत म्हणतात ती गाणी. झाडीबोलीसाठी साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर ह्यांनी जे काम केले आहे त्याच्यापुढे आमचा उद्योग पोरखेळच. पण गावोगाव जाऊन आम्ही सव्वीस ध्वनिमुद्रणे केली होती. एका मित्राने ती सारी आपल्या फोनवरून एका झिपमध्ये बांधून इंटरनेटवर ठेवली आणि दुवा पाठविला. असे फुकट दुवे काही दिवसांनी आपोआप बंद होतात. हा सात दिवसांचा होता. विभागातील संगणकावर ती फाईल उतरवून ठेवण्यात आली आणि काम झाले असे समजून मित्राने आपला फोन रिकामा केला. महिनाभराने फाईल उघडावयास गेलो तो उघडेना. दुवा मेलेला, फोन कोरा. त्याच सुमारास आमच्याच तालुक्यातील एक आजी पौषात वारल्याचे कळले. तिच्या ओव्यांचे मुद्रण त्या फाईलखेरीज जगात दुसरीकडे कोठेही नव्हते. तिच्या नातवाने ते मागितले होते.

सगळ्यांनी फाईल मेली असे ठरविले. मित्राने दुव्याबरोबर पाठविलेल्या निरोपात आकार ६४० एमबी लिहिलेला होता. संगणकावरची फाईल ४१२ एमबीची होती. एवढा एक आकडा पाहिला आणि रोग कळला. गाठोडे नासलेले नव्हते, तोकडे होते. शेवटचे पान गेले होते, पण झिपमध्ये प्रत्येक फाईलच्या पुढेही तिचे नाव लिहिलेली एक लहानशी चिठ्ठी असते. अनुक्रमणिका हरवली तरी ह्या चिठ्ठ्या एकेक वाचीत गेले तर यादी नव्याने तयार करता येते. विनरार ह्या प्रणालीत दुरुस्तीचा एक पर्याय असतो, तो हेच करतो. मूळ फाईलला हात न लावता 'पुन्हा बांधलेली' अशा अर्थाच्या नावाची दुसरी फाईल बनवितो. तरीही आम्ही आधी मूळ फाईलची एक नक्कल काढून ठेवली आणि मगच हा प्रयोग केला. असला उद्योग एकुलत्या एका प्रतीवर करू नये.

सोळा मुद्रणे पूर्ण निघाली. सतरावे आजीचे. तिच्या मुद्रणाच्या मध्येच रेघ तुटली होती. फाईली सोडविताना 'तुटक्या फाईलीही ठेव' अशा अर्थाची एक चौकट विनरारमध्ये असते. तिच्यावर खूण केली नाही तर अर्धवट फाईल तो स्वतःच पुसून टाकतो. आम्ही खूण केली आणि आजीचा निम्म्याहून अधिक आवाज हाती लागला. एका ओवीच्या मध्यावर तो थांबतो. सुदैव असे की मुद्रण एमपी-थ्री जातीचे होते. ती जात अर्धी असली तरी अर्धी वाजते. पुष्कळ फोन एम-फोर-ए जातीत मुद्रण करतात आणि तिची स्वतःची अनुक्रमणिकाही बहुधा शेवटीच असते. मग काहीच वाजले नसते. उरलेल्या नऊ जणींकडे आम्ही पुन्हा गेलो. "एक डाव त गायली ना वो माय, आता काऊन आलात?" असे एकीने विचारले, आणि मग गायली.

तर, पहिली गोष्ट आकार पाहणे. आधारभूत केंद्रावर धान नेताना घरच्या काट्यावरचे वजन आपण लक्षात ठेवतो ना, तसे पाठविणाऱ्याकडचा आकार विचारून घ्यावा. येथे एक बारकावा आहे. कोणी एमबी दहा लाख बाइटांचा धरतो, कोणी १०,४८,५७६ बाइटांचा. त्यामुळे तीच फाईल दोन ठिकाणी पाचेक टक्क्यांनी लहानमोठी दिसू शकते. तेवढ्यावरून घाबरू नये. शक्य तर पूर्ण बाइटांचा आकडा ताडून पाहावा. आकार तोकडा असेल तरच पुन्हा उतरविण्याला अर्थ आहे, आणि तेव्हाही प्रारंभापासून नव्हे. पलीकडचा संगणक परवानगी देत असेल तर उतरविण्याची चांगली साधने जेथे तुटले तेथून पुढे सुरू करतात.

कधी आकार हास्यास्पद लहान असतो. तीनशे एमबीची अपेक्षा आणि आलेली फाईल चौदा केबीची! अशा वेळी फाईल संगणकावर नोटपॅडमध्ये उघडावी. वेडीवाकडी चिन्हे दिसतील, त्यांत शिरू नये. फक्त पहिली अक्षरे पाहावीत. इंग्रजी पी-के दिसली तर ती झिप. 'रार' आणि पुढे उद्गारचिन्ह असेल तर रार. सात आकडा आणि झेड असेल तर सेव्हन-झेड. टक्क्याची खूण आणि पुढे पीडीएफ असेल तर ती मुळात गाठोडे नव्हेच, साधी पीडीएफ आहे. आणि कोनदार कंस व 'एचटीएमएल' हा शब्द दिसला तर समजावे की, फाईलऐवजी एक वेबपान येऊन तिच्या नावाने बसले आहे. वायफायचे प्रवेशपान, 'आपली मुदत संपली, पुन्हा लॉगिन करा' असे सांगणारे पान, किंवा दुवा मेल्याचा निरोप. हे पान शंभर वेळा उतरविले तरी पानच येईल. लॉगिन करावे, मग उतरवावे.

ह्यावरूनच लक्षात येईल की, नावाच्या शेवटी रारच्या जागी झिप लिहून काही साधत नाही. धानाच्या पोत्यावर 'गहू' लिहिल्याने आत गहू होत नाही. फोनमधील साधे फाईल-साधन पुष्कळदा झिपच तेवढी जाणते. रार आणि सेव्हन-झेडसाठी वेगळे साधन बसवावे लागते. विंडोज ११ मध्ये २०२३ पासून ह्या जाती उघडण्याची सोय आली, पण आपल्याकडची यंत्रे जुनी असतात. सेव्हन-झिप हे साधन इगॉर पावलोव्ह ह्यांनी १९९९ मध्ये लोकांपुढे ठेवले, ते फुकट आहे आणि बहुतेक साऱ्या जाती ओळखते. दुसरी एक गंमत. वर्डची नवी डॉक्स फाईल हीसुद्धा आतून झिपच असते, तिचीही पहिली अक्षरे पी-के. म्हणून कधी कधी सरांचे टिपण झिप होऊन उतरते, आणि उलगडल्यावर 'वर्ड' नावाचा कप्पा व अगम्य फाईली दिसतात. अशा वेळी उलगडू नये. मूळ फाईलच्या नावाचा शेवट बदलून डॉक्स करावा, टिपण वाचता येते.

आकार बरोबर, पहिली अक्षरे बरोबर, आणि तरीही सोडविताना 'सीआरसी जुळत नाही' असा निरोप येतो. हे सीआरसी म्हणजे एक ताळा. फाईल बांधताना तिच्या साऱ्या बाइटांवर एक गणित करून येणारा आकडा आत लिहून ठेवतात. सोडताना तेच गणित पुन्हा करतात. आकडे जुळले नाहीत तर वाटेत काहीतरी बदलले. काय बदलले ते ताळा सांगत नाही. अशा वेळी तीच फाईल दुसऱ्या यंत्रावर नेऊन उघडून पाहावी. तेथे उघडली तर दोष फाईलचा नसून आपल्या मेमरी कार्डाचा किंवा पेनड्राइव्हचा आहे. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कार्डांचा मला विश्वास वाटत नाही. पाठविणाऱ्याकडे मूळ फाईल असेल तर सेव्हन-झिपने दोन्हीकडे एसएचए नावाचा आकडा काढून ताडावा. फोनवरून वाचून दाखविली तरी पहिली आणि शेवटची आठ-आठ अक्षरे पुरेत.

आता आपल्या, म्हणजे मराठी विद्यार्थ्यांच्या खास दुखण्याकडे वळते. इंग्रजी पुस्तकांत ह्याची फारशी वाच्यता नसते. झिपची मूळ रचना झाली तेव्हा फाईलींच्या नावांसाठी अमेरिकेतल्या आयबीएम संगणकाचा २५६ चिन्हांचा संच धरला होता. त्यात देवनागरीला जागा नव्हती. २००६ मध्ये नाव यूटीएफ-८ मध्ये आहे असे सांगणारी खूण रचनेत आली, पण ती खूण न करणारी साधने आजही फिरत आहेत. अशा साधनाने बांधलेल्या गाठोड्यातील 'घटक दोन' हे नाव उघडताना अल्फा हे ग्रीक अक्षर आणि डोक्यावर लाट असलेला इंग्रजी एन ह्यांची माळ होऊन येते. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हातील पहिले दोन बाइट त्या जुन्या संचात नेमके तेच दिसतात. ही माळ दिसली की खुशाल हसावे. आतला मजकूर शाबूत असतो, फक्त पाटी बिघडलेली असते. फाईल उघडून नवे नाव द्यावे किंवा दुसऱ्या साधनाने सोडवून पाहावे.

दुसरे दुखणे नावाच्या लांबीचे. बहुतेक फोनच्या आतल्या साठ्यात फाईलचे नाव २५५ बाइटांहून मोठे चालत नाही. इंग्रजीत म्हणजे २५५ अक्षरे, पण आपल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट, म्हणजे ८५ चिन्हे. त्यात काना, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलन्त ही प्रत्येक वेगळी मोजली जातात. 'राष्ट्रसंत' हा आपल्या विद्यापीठाच्या नावातला पहिला शब्द घ्या. डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, संगणकाला दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट. आता विषय, घटक, सत्र, सरांचे नाव आणि 'अंतिम सुधारित प्रत' असे सारे नावात कोंबले की फोनवर ती फाईल गाठोड्यातून निघत नाही, आणि निरोप मात्र 'सोडविता आले नाही' एवढाच. विंडोजवर फाईलच्या नावाची नव्हे तर साऱ्या वाटेची मर्यादा २६० चिन्हांची आहे. फोल्डरात फोल्डर, त्यात पुन्हा त्याच नावाचे फोल्डर, असे झाले की तीही संपते. उपाय सोपा आहे. गाठोडे डी ड्राइव्हच्या दारातच 'अ' नावाच्या फोल्डरात ठेवून तेथे सोडावे.

तुकड्यांनी येणाऱ्या फाईलींचे एकच सांगते. भाग एक, भाग दोन असे सारे तुकडे एकाच ठिकाणी हवेत आणि त्यांची नावे जशीच्या तशी हवीत. एखादा तुकडा दोनदा उतरविला की ब्राउझर त्याच्या नावापुढे कंसात एक आकडा जोडतो. पहिला पुसून हा ठेवला तर 'भाग दोन सापडत नाही' अशी तक्रार येते. तो कंस काढावा. आणि रारमध्ये उघडायचा तो पहिला भाग. बाकीचे तो आपणहून ओढतो.

जागा तपासावी, हे सांगावे लागू नये, पण लागते. गाठोडे आणि त्यातून निघालेला माल दोन्ही काही काळ एकत्र राहणार, तेव्हा दोघांपुरती जागा हवी. जुन्या फॅट-३२ पद्धतीच्या कार्डावर चार जीबीहून मोठी फाईल मावतच नाही, कितीही जागा मोकळी दिसो.

कुलूपबंद गाठोड्यांत पासवर्ड चुकला तरी काही वेळा 'फाईल खराब' असाच निरोप येतो, म्हणून आधी पासवर्डावर संशय घ्यावा. फोनची कळपाटी मराठीत असेल तर आकडेही मराठी उमटू शकतात. पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, आणि इंग्रजी आकड्यांचे कुलूप मराठी आकड्यांनी उघडत नाही. पासवर्ड निरोपातून उचलून चिकटविला असेल तर शेवटी एखादी रिकामी जागा चिकटून आली आहे का ते पाहावे. एईएस जातीचे कुलूप विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांना उघडता येत नाही. तेथे सेव्हन-झिप हवे.

जे गाठोडे पासवर्डासाठी तुमचा मोबाईल क्रमांक, ओटीपी किंवा एखादे ॲप बसविण्याची अट घालते, ते मात्र उघडण्याच्या भानगडीत पडू नये. प्रश्नपत्रिकेच्या नावाखाली आत एपीके किंवा ईएक्सई निघाले तर ती प्रश्नपत्रिका नव्हे. लग्नपत्रिका म्हणून एपीके पाठवून लोकांची खाती रिकामी केल्याचे प्रकार २०२४ मध्ये वर्तमानपत्रांतून आपण वाचले आहेत. उघडण्याचे साधनही अद्ययावत ठेवावे. विनरारमधील एक उणीव २०१९ मध्ये उघडकीस आली, ती तोवर जवळजवळ एकोणीस वर्षे आत दडून होती, आणि विनरार आपणहून स्वतःला नवे करीत नाही.

आमच्या गाण्यांचा संग्रह ह्या वर्षीही चालू आहे. आता आम्ही एक मोठे गाठोडे बांधीत नाही. तालुक्यागणिक वेगळी झिप, आत फाईलींना ००१, ००२ अशी इंग्रजी आकड्यांची नावे, आणि कोणत्या क्रमांकाला कोण गाते ते एका वहीत शाईने. उतरविणाऱ्याने सर्व फाईली सोडवून, पहिले आणि शेवटचे मुद्रण ऐकून 'मिळाले' असे कळविल्याखेरीज कोणी आपला फोन रिकामा करीत नाही. लाखांदूर, पवनी आणि साकोलीचे संच आले. मोहाडीचा अजून यावयाचा आहे.